ऑनलाइन जीन्स आणि पुरुषांचे कपडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मित्रमंडळींत कुणाला ऑनलाइन जीन्स घ्यायची असली की मला लिंक येते आणि पाठोपाठ मेसेज, 'ही घेऊ का?' प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. भर जीन्सवर आहे, कारण शर्ट थोडा चुकला तर चालवून घेता येतो. जीन्स चुकली तर धड बसताही येत नाही.

मी सगळीकडे ३४ साइजच घेतो. तरी एक जीन्स कमरेवरून घसरते आणि दुसरीचं बटणच लागत नाही. असं का?

लेबलवरच्या ३४ ला एकदा टेप लावून बघा. कंबरपट्टी बऱ्याचदा ३५, कधी ३६ इंच भरते. आकडा लहान असला की गिऱ्हाईक खूश होतं, म्हणून कापड मोठं ठेवून आकडा लहान छापायची कपडेवाल्यांना जुनी खोड आहे. प्रत्येक कंपनी हे आपापल्या अंदाजाने करते. त्यामुळे एकीची ३४ ही दुसरीची ३३ निघते.

दुसरं कारण म्हणजे जीन्स अंगावर कुठे बसते. बेंबीजवळ बसणारी आणि कमरेच्या हाडाखाली बसणारी, दोन्हींवर ३४ लिहिलेलं असलं तरी त्या दोन जागी अंगाचा घेर एकसारखा नसतो.

तिसरं कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही, ते कारखान्यातल्या धुलाईचं. बहुतेक जीन्स शिवून झाल्यावर धुतल्या जातात. फिकी करायची असेल तर जास्त वेळ, गडद ठेवायची असेल तर थोडा वेळ. प्रत्येक धुलाईत कापड वेगवेगळं आटतं. मी एकदा एका मॉडेलची निळी जीन्स घेतली, ती इतकी छान बसली की त्याच साइजची काळी डोळे मिटून मागवली. मांडीत अशी आवळली की जिना चढताना काळजी वाटायची. मॉडेल तेच, आकडा तोच, फक्त रंग वेगळा.

मग माप घ्यायचं कसं?

अंगाचं नको, पॅन्टचं घ्या. तुमच्याकडे जी सगळ्यात चांगली बसते ती जीन्स धुऊन वाळवा, बटण आणि चेन लावा आणि सपाट फरशीवर पसरा. हाताने सुरकुत्या काढा, पण कापड ताणू नका.

कंबरपट्टीच्या पुढच्या आणि मागच्या कडा एकमेकींवर आणा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा. आलेल्या आकड्याची दुप्पट म्हणजे खरी कंबर. नंतर आसन, म्हणजे दोन पायांच्या शिवणी जिथे मिळतात तिथपासून पुढच्या बाजूने कंबरपट्टीच्या वरच्या कडेपर्यंत. ऑनलाइन तक्त्यात याला 'फ्रंट राइज' म्हणतात. मग त्या जोडाच्या इंचभर खाली मांडीची रुंदी, पायाच्या शेवटी बॉटमची रुंदी, आणि जोडापासून आतल्या शिवणीने खालपर्यंतची लांबी, म्हणजे 'इनसीम'. गुडघ्याचं माप घेतलंत तर उत्तम, नाही घेतलंत तरी चालेल.

हे पाच आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. पुढची जवळजवळ सगळी उत्तरं यांच्यावरच उभी आहेत.

थेट कमरेला टेप लावली तर नाही का चालत?

शर्टाला चालते. जीन्सला नाही, कारण आसन आणि मांडीत किती मोकळीक हवी ते अंगाच्या मापावरून कळत नाही. ती सवयीची गोष्ट आहे.

साइटवरच्या साइज चार्टमधली मापं अंगाची की कपड्याची?

हे तपासल्याशिवाय चार्टचा उपयोग शून्य. आकडे नीटनेटके दोन-दोनने वाढत असतील आणि त्यात फक्त कंबर नि हिप असेल, तर तो बहुधा अंगाच्या मापांचा तक्ता आहे. आसन, मांडी, बॉटम दिलेलं असेल तर कपड्याचा. काही ठिकाणी बॉटम सपाट रुंदीत देतात, म्हणजे ८ इंच, तर काही ठिकाणी पूर्ण घेरात, म्हणजे १६ इंच. घाईघाईत वाचणारा इथे हमखास फसतो. मापं सेंटीमीटरमध्ये असतील तर २.५४ ने भागा. कपड्याची मापं दिलीच नसतील आणि विचारूनही मिळत नसतील, तर मी दुसरं दुकान बघतो.

स्लिम, स्ट्रेट, रिलॅक्स्ड, टेपर्ड, बॅगी... यातलं नेमकं कशाला काय म्हणतात?

यांची व्याख्या कुठेही ठरलेली नाही. एका कंपनीची 'स्लिम' दुसरीच्या 'स्ट्रेट'पेक्षा सैल निघू शकते. ढोबळ हिशेब बॉटमच्या घेरावरून करता येतो: १३ इंचांच्या आसपास असेल तर स्किनी, १४ च्या जवळ स्लिम, १६ म्हणजे स्ट्रेट, १८ ते २० च्या पुढे ढगळ, म्हणजे हल्ली जिला बॅगी किंवा वाइड लेग म्हणतात ती. मांडीत सैल आणि खाली निमुळती असली की टेपर्ड. गुडघ्याशी अरुंद आणि खाली पुन्हा रुंद होणारी ती बूटकट. ती फारच रुंद झाली की बेलबॉटम.

नाव वाचायचं, पण निर्णय आकड्यांवर घ्यायचा.

दर सीझनला डेनिमचा नवा ट्रेंड येतो म्हणतात. त्यामागे धावायचं कसं, आणि धावायचं तरी का?

जाहिरातींत सगळं दर तीन महिन्यांनी बदलतं. कपाटाकडे बघितलं तर वेगळंच दिसतं.

पुरुषांच्या जीन्समध्ये घेर बदलायला वर्षं लागतात. १९७० च्या दशकात बेलबॉटम, १९९० च्या दशकात ढगळ, २००० नंतर कंबर खाली उतरलेली बूटकट, २०१० च्या आसपास पायाला चिकटलेली स्किनी आणि २०२० नंतर पुन्हा स्ट्रेट आणि ढगळ. म्हणजे आकार दशकाच्या चालीने हलतो, आणि हलतो तेव्हा मुख्यतः तीनच मापं हलतात: आसन, मांडी आणि बॉटम. बाकी खिसे तेच, कापड तेच, पिवळ्या-नारिंगी दोऱ्याची टीपही तीच.

सीझनगणिक जे बदलतं ते रंग आणि कापडाचं वजन. उकाड्याच्या दिवसांसाठी फिकी निळी, पांढरी किंवा कोऱ्या सुतासारखी ऑफव्हाइट, हलक्या कापडाची. थंडीसाठी गडद नीळ, काळी, राखाडी, जाडजूड. हे चक्र दरवर्षी फिरतं, म्हणून गेल्या उन्हाळ्यातली फिकी जीन्स यंदाच्या उन्हाळ्यात जुनी दिसत नाही.

मी काय करतो सांगतो. नवा ट्रेंड दिसला की त्याचं वर्णन वाचत नाही, त्या जीन्सची तीन मापं बघतो आणि फोनमधल्या आकड्यांशी ताडून पाहतो. बॉटम माझ्या नेहमीच्या मापापेक्षा इंच-दीड इंच जास्त असेल तर घालायला काहीच अडचण येत नाही, उलट कपडे नवे वाटतात. पाच इंच जास्त असेल तर तो प्रयोग आहे. तो करायचा, पण स्वस्तातल्या जीन्सवर. एका उडीत स्किनीवरून बॅगीवर गेलेले माझे दोन मित्र आठवड्याभरात परत जुन्या पॅन्टवर आले. कारण जीन्स नव्हतीच. त्यांचे सगळे टीशर्ट आणि बूट अरुंद पॅन्टच्या हिशेबाने घेतलेले होते. घेर वाढला की वरचा शर्ट थोडा आखूड आणि चौकोनी लागतो आणि खालचे बूट जरा भरीव लागतात. ट्रेंडचा खरा खर्च तिथे असतो.

हे ट्रेंड ठरतात कधी?

तुमच्यापर्यंत यायच्या खूप आधी. पुरुषांच्या फॅशनचे मोठे शो, मिलान आणि पॅरिसचे, वर्षातून दोनदा होतात. जानेवारीत येत्या थंडीचे कपडे दाखवतात आणि जूनमध्ये पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याचे. कापडाच्या गिरण्या त्याच्याही आधी नमुने दाखवून मोकळ्या झालेल्या असतात. त्यामुळे जूनमधले फोटो बघून ठेवले तर पुढच्या वसंतात दुकानांत काय येणार याचा बरा अंदाज बांधता येतो. रॅम्पवर बॉटम २४ इंच असेल तर दुकानात येईपर्यंत तो १८-१९ होतो. अतिशयोक्ती वजा करून बघायची.

सुताराची जीन्स, हातोडी अडकवायची पट्टी असलेली, ती खरंच चालते का?

चालते. कार्पेंटर जीन्स हा कामगारांच्या कपड्यांचा वारसा आहे आणि जीन्सचा जन्मच तिथला. डंगरी हा शब्दसुद्धा मुंबईतल्या डोंगरी भागाच्या जाड्याभरड्या सुती कापडावरून जगभर गेला. मांडीत ती मुळातच मोकळी असते, म्हणून ढगळ आकाराची सवय करायला बरी. पट्टीत हातोडी अडकवायची सक्ती नाही.

कापडापुढे १२ औंस, १४ औंस असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ काय?

एक चौरस यार्ड कापडाचं वजन. एक औंस म्हणजे साधारण ३४ ग्रॅम प्रति चौरस मीटर, म्हणजे १२ औंस जवळपास ४०७ जीएसएम. आठ ते दहा औंस उन्हाळ्याला, बारा ते चौदा बाराही महिने, सोळाच्या पुढे हौशी लोकांसाठी. नवी कोरी सोळा औंसांची जीन्स काढून ठेवली तर भिंतीला टेकून स्वतःच्या पायांवर उभी राहू शकते.

ऑनलाइन खरेदीत कापड हाताला लागत नाही, त्याची कसर हा एकच आकडा भरून काढतो. ढगळ जीन्स हलक्या कापडाची असेल तर पायजम्यासारखी लोंबते. तिला थोडं वजन हवंच. फोटोत हे कळत नाही, कारण फोटोतला माणूस हलत नाही.

शंभर टक्के कॉटन घ्यावं की स्ट्रेच?

घट्ट बसणारी हवी असेल तर एक-दोन टक्के इलॅस्टेन असू द्या. हा रबरासारखा ताणला जाणारा धागा १९५८ मध्ये ड्युपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी तयार केला. लायक्रा हे त्याचंच प्रसिद्ध झालेलं नाव. बसता-उठताना सुख असतं, पण उष्णता आणि ब्लीच त्याला सोसत नाही. ड्रायरमध्ये वारंवार गेला की तो धागा मरतो आणि गुडघे फुगलेलेच राहतात.

स्ट्रेट आणि त्याहून सैल जीन्समध्ये स्ट्रेचची गरजच नसते. तिथे मोकळीक घेरातूनच मिळते. शुद्ध सुती जीन्स नवी असताना कमरेत किंचित घट्ट वाटली तर घाबरू नका, घालून घालून ती अर्धा ते एक इंच सैलावते. मांडीत घट्ट असेल तर मात्र परत करा. वीस-तीस टक्के पॉलिएस्टर दिसलं तर कापड लवकर वाळेल, आकार धरेल, पण घाम शोषणार नाही.

सेल्व्हेज म्हणजे भारी डेनिम असं खरं आहे का?

सेल्व्हेज हे कडेचं वर्णन आहे. जुन्या धोट्याच्या मागावर आडवा धागा न तुटता मागे-पुढे फिरतो, त्यामुळे कापडाची कड आपोआप बांधली जाते आणि उसवत नाही. हे माग हळू चालतात, पन्हा जेमतेम ३० इंचांच्या आसपास मिळतो, एका जीन्सला कापड जास्त लागतं, म्हणून किंमत चढते. अशा मागांवर सहसा चांगलं सूत घालतात हे खरं. पण कडेची पट्टी लाल आहे म्हणून सूत चांगलंच असेल, हे खरं नाही.

आणि रॉ डेनिम?

शिवल्यावर न धुतलेलं. घ्यायच्या आधी 'सॅन्फोराइज्ड' आहे का एवढं बघा. कापड आधीच आटवून घ्यायची ही रीत सॅनफर्ड क्लुएट यांची, १९३० च्या सुमाराची. हा शब्द नसेल तर पहिल्या पाण्यात जीन्स जवळपास दहा टक्क्यांपर्यंत आटू शकते, तीही लांबीत जास्त. ३२ इंचांच्या इनसीमचे २९ झाले की दोष धोब्याचा नसतो.

फोटोत गडद निळी होती, आली ती जांभळट. तक्रार करावी का?

आधी दिवसाच्या उजेडात, खिडकीशी नेऊन बघा. स्टुडिओतले दिवे, फोनचा स्क्रीन आणि रात्रीचा 'उबदार' मोड, तिन्ही रंगाशी खेळतात. उत्पादनाच्या फोटोपेक्षा गिऱ्हाइकांनी काढलेले फोटो खरे असतात, कारण ते कंटाळवाण्या उजेडात काढलेले असतात.

निळीचा स्वभावही समजून घ्या. डेनिममध्ये उभे धागे निळे आणि आडवे पांढरे असतात, म्हणून आतली बाजू फिकी दिसते. निळीचा रंग सुताच्या गाभ्यात शिरत नाही, वरवर बसतो. घासलं की वरचा थर जातो आणि आतलं पांढरं दिसतं. जीन्स विटते ती यामुळेच, आणि विटल्यावर सुंदर दिसते तीही यामुळेच. नव्या गडद जीन्सचा रंग फिक्या सोफ्याला, पांढऱ्या बुटांना लागतो. पावसात भिजलात तर जास्तच. त्याला खराब माल म्हणता येणार नाही.

फोटोवरून शिलाई ओळखता येते का?

काही अंशी. आतल्या बाजूचा फोटो असेल तर तोच आधी बघा, आणि नसेल तर का नसेल याचा विचार करा. बेल्टच्या पट्ट्यांच्या टोकांना आणि खिशांच्या कोपऱ्यांना दाट आडवी टीप हवी. रिव्हेट म्हणजे खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकलेली धातूची टिकली. तांब्याच्या रिव्हेटचं पेटंट जेकब डेव्हिस या शिंप्याने लेव्ही स्ट्रॉस यांच्यासोबत २० मे १८७३ रोजी घेतलं, ते खिसे फाटायचे म्हणून. आज रिव्हेट शोभेला असली तरी ताण याच कोपऱ्यांवर येतो. मागच्या फोटोत कापड मॉडेलच्या पाठीशी चिमट्याने ओढून धरलंय का, हेही बघा. पुढून चापून बसलेला शर्ट हा पुष्कळदा त्या चिमट्याचा पराक्रम असतो.

आधीच फाटलेली, घासलेली जीन्स घ्यावी का?

आवडत असेल तर घ्या. मात्र हा जुनेपणा कसा आणला आहे ते बघा. वाळूचा मारा करून कापड झिजवायच्या पद्धतीत कामगारांच्या फुप्फुसांत सिलिकाची धूळ जाते. तुर्कस्तानात सिलिकोसिसचे रुग्ण निघाल्यावर २००९ मध्ये तिथे तिच्यावर बंदी आली. आता लेझर आणि ओझोनने तेच काम होतं आणि चांगल्या कंपन्या तसं लिहितात. गुडघ्यावर फाटलेली घेणार असाल तर भोक तुमच्याच गुडघ्यावर येतंय ना, ते इनसीमवरून तपासा. कमी उंचीच्या माणसाचं भोक नडगीवर येतं.

रिव्ह्यूंवर किती विश्वास ठेवावा?

पाच तारेवाले सोडा, एक तारेवालेही सोडा. तीन तारेवाले वाचा. त्यांना वस्तू ठेवायची असते पण काहीतरी खटकत असतं, आणि ते काय ते ते नेमकं सांगतात. ज्यात स्वतःची उंची, वजन आणि घेतलेला साइज लिहिला आहे असा एक रिव्ह्यू 'मस्त आहे' अशा पन्नास रिव्ह्यूंना भारी पडतो. काही साइटवर सगळ्या रंगांचे रिव्ह्यू एकत्र येतात, तेव्हा कोणत्या रंगाबद्दल बोलतायत ते पाहा.

सेलमध्ये घ्यावी का?

नेहमीच्या आकाराची, गडद निळी, हो, डोळे झाकून. सीझन संपताना जाड जीन्स स्वस्त होतात आणि त्या पुढच्या थंडीतही तितक्याच चालतात. टोकाचा आकार सेलमध्ये दिसला तर तो का उरला असेल याचा विचार करा. आणि सेलच्या मालावर परतीचा नियम बदलतो; पैसे परत की फक्त बदलून मिळणार, हे आधी वाचा.

आलेली जीन्स बसते की नाही, कसं ठरवायचं?

टॅग न काढता, घरात, स्वच्छ फरशीवर. नेहमीचा बेल्ट आणि नेहमीचे बूट घाला, पण बूट आतल्या वापराचे. उभं राहून आरशात बघणं पुरेसं नाही. खुर्चीत पाच मिनिटं बसा, उकिडवं बसा, जिना चढा, फोन खिशात घालून पाय मुडपा. मागून कंबरपट्टी उघडी पडत असेल तर आसन कमी आहे. ते कोणताही शिंपी वाढवून देणार नाही. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, चुकीची वस्तू निघाल्यास कामी येतो.

जीन्सची लांबी जास्त आहे. कापून घेतली तर चालेल ना?

आधी एकदा धुवा, मग कापा. निमुळती जीन्स तीन इंच आखूड केली की नवा बॉटम जुन्यापेक्षा रुंद येतो, कारण कात्री रुंद भागावर चालते. तो फरक आधीच धरा. मूळ दुमड तशीच जोडून द्या असं सांगितलं तर कडेचा विटका रंग टिकतो.

शर्ट आणि टीशर्टचं काय?

खांदा. शर्टची लांबी, बाह्या, छाती, सगळं शिंपी आत घेऊन देतो. खांदा दुरुस्त करणं म्हणजे शर्ट पुन्हा शिवणं. तुमच्या चांगल्या शर्टचा खांदा शिवणीपासून शिवणीपर्यंत मोजा आणि काखेपासून काखेपर्यंत छाती. टीशर्टला जीएसएम बघा: १५० पातळ, १८० रोजचा, २२० च्या पुढे भरीव. ढगळ जीन्सवर भरीव टीशर्टच शोभतो.

जीन्स किती दिवसांनी धुवावी? फ्रीजरमध्ये ठेवली तर जंतू मरतात म्हणे.

मरत नाहीत, नुसते गारठतात. मळली, वास आला की धुवा: उलटी करून, थंड पाण्यात, सावलीत वाळवून. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने नीळ पक्की होत नाही, जीन्सला फक्त वास येतो.

कपाटात चार स्किनी जीन्स पडून आहेत. टाकून देऊ?

सैल जीन्स आत घेऊन अरुंद करता येते. अरुंद जीन्सला रुंद करायला शिवणीत कापडच नसतं. म्हणून दोन घेरांमध्ये मन अडलं असेल तर मोठा घ्यावा, हा माझा खाक्या. टाकून देण्याबद्दल मात्र मी सावकाश. लेव्हीज कंपनीने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांच्या '५०१' मॉडेलच्या एका जीन्सच्या सगळ्या आयुष्याला जवळपास ३,८०० लिटर पाणी लागतं असं निघालं, आणि त्यातलं दोन तृतीयांश कापूस पिकवण्यातच जातं. तीन कुणाला तरी देऊन टाका. चौथी ठेवा, उंच बुटांत खोचायला तीच बरी पडते.